साइड रेन, ड्रॉ रेन की शॅम्बॉन: घोड्याची चाल सुधारण्यासाठी साधन निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्यतीतून निवृत्त झालेला आठ वर्षांचा आख्ता घोडा वर्षभरापासून तुमच्याकडे आहे. वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालीत, तो बरा चालतो, पण ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, सुरू केली की मान वर काढतो, पाठ खाली सोडतो आणि उजव्या हाताच्या वर्तुळात आतल्या खांद्यावर कलतो. तबेल्यातील एका जाणकारांनी ड्रॉ रेन, म्हणजे कप्पीसारखे सरकणारे जादा लगाम, सुचवले आहेत, दुसऱ्यांनी मागच्या पुठ्ठ्यांभोवती दोर फिरवणारी पेसोआ पद्धतीची जोडणी सुचवली आहे, आणि साइड रेनची, म्हणजे घोड्याच्या दोन्ही बाजूंनी तोंडातील दांडीपर्यंत (बिटपर्यंत) जाणाऱ्या ठरावीक लांबीच्या पट्ट्यांची, जोडी तुमच्याकडे आधीपासून आहे. यांपैकी काय लावावे, किती आखूड लावावे आणि किती दिवस लावावे, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तराकडे जाण्यापूर्वी प्रश्न थोडा वेगळा मांडतो. वर गेलेले डोके हे तुम्हाला खोगिरावरून दिसणारे लक्षण आहे. अडचण तुमच्या खाली आणि मागे, म्हणजे घोड्याच्या पाठीत आणि मागच्या पायांत आहे. घोड्याला माणसासारखे कॉलरबोन नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते, आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ५५ ते ६० टक्के भाग पुढच्या पायांवर येतो. त्यात स्वाराची भर पडते. हे वजन उचलून धरायला त्याला पोटाचे स्नायू, छातीची ही झोळी आणि शरीराखाली पुरेसे पुढे पडणारे मागचे पाय लागतात. मानेच्या वरच्या कडेने, डोक्याच्या मागच्या भागापासून खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे विदर्सपर्यंत, एक जाड लवचिक अस्थिबंध जातो. मान पुढे आणि खाली लांबली की तो ताणला जातो, विदर्सजवळच्या मणक्यांची उंच टोके पुढे खेचली जातात आणि पाठीला वर येण्यास मदत होते. मान वर आणि मागे गेली की ही मदत थांबते, पाठ खाली बसते आणि मागचे पाय शरीराच्या मागेच रेंगाळतात.

यावरून डोके खाली आणले की पाठ वर येईल असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि साधनांचा बहुतेक गैरवापर येथूनच सुरू होतो. डोके दोन अगदी वेगळ्या मार्गांनी खाली येते. एका मार्गात मान लांबते, नाक किंचित पुढे राहते, पाठ डोलू लागते आणि मागचे पाऊल लांब पडते. दुसऱ्या मार्गात घोडा मान आखडून घेतो, ती कानांमागच्या सांध्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी मोडते, नाक छातीकडे येते आणि मागची पावले उलट लहान होतात. छायाचित्रात हे दोन्ही घोडे ‘गोल’ दिसतात. दोरी, पट्टा किंवा कप्पी कोणत्याही घोड्याला थेट दुसऱ्या स्थितीत नेऊ शकते. पहिली स्थिती मात्र घोड्यालाच घ्यावी लागते, आणि साधन फार तर तिकडे जाण्याची वाट मोकळी ठेवते. त्यामुळे मी कोणत्याही साधनाचा निवाडा ते काढून टाकल्यानंतरच्या पाच मिनिटांवर करतो. ते अंगावर असतानाच्या आकाराला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे वेदना. शर्यतीच्या घोड्यांत जठरातील व्रण, पाठीच्या मणक्यांची उंच टोके एकमेकांना घासणे आणि हॉक, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचे दुखणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि या तिन्हींत घोडा नेमका तुम्ही वर्णन केला तसा चालू शकतो. पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालील घोड्यातील वेदना ओळखण्यासाठी २४ वर्तनांची यादी तयार केली आहे. कान मागे टाकणे, तोंड वारंवार उघडणे, डोके सतत हलवणे, शेपटी झटकणे, मागचा पाय ओढत टाकणे अशा वर्तनांपैकी आठ किंवा अधिक दिसली, तर स्नायू वा सांध्यांच्या दुखण्याची शक्यता बळावते. तुम्ही स्वार असताना एखाद्याला जमिनीवरून पाहून ही वर्तने मोजायला सांगा. त्याबरोबर दात तपासून घ्या, आणि खोगीर मागच्या वर्षी नीट बसत होते म्हणून आजही बसते असे गृहीत धरू नका. शर्यतीचे शरीर उतरून दुसरे शरीर भरताना पाठीचा आकार बराच बदलतो. दुखणाऱ्या पाठीवर साइड रेन लावले तर घोडा कदाचित डोके खाली घेईलही, पण मग ते दुखणे दिसायचे बंद होते, एवढाच फरक पडतो.

दुसरी गोष्ट लंज लाइन, म्हणजे घोड्याला स्वतःभोवती वर्तुळात फिरवण्याची लांब दोरी, धरणाऱ्याची. वर्तुळ गोल ठेवता येणे, घोड्याच्या मागच्या भागाच्या रेषेत उभे राहून चाबकाच्या नुसत्या दिशेने त्याला पुढे पाठवता येणे आणि अडचण येताच एका श्वासात थांबवता येणे, ही कौशल्ये नसतील तर सर्वांत सौम्य साधनही धोक्याचे ठरते. तुमच्याकडे ही तयारी कितपत आहे हे तुमच्या लिखाणावरून मला कळत नाही. तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या बैठकीची. खोगिराशिवाय, स्वाराशिवाय, मोकळ्या लंज लाइनवर हाच घोडा पाठ सैल सोडून चालत असेल, तर साधनांचा विचार बाजूला ठेवून खोगीर आणि स्वार यांच्याकडे पाहायला हवे. ही परीक्षा फुकट आहे आणि तरीही फार थोडे लोक ती घेतात.

साधन कसे शिकवते याबद्दल एक मुद्दा स्पष्ट असला म्हणजे पुढचे सोपे जाते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. त्याने योग्य हालचाल केली आणि त्याच क्षणी दाब नाहीसा झाला, तर ती हालचाल तो पुन्हा करून पाहतो. म्हणून प्रत्येक साधनाला मी दोन प्रश्न विचारतो: घोडा बरोबर असताना हे पूर्ण गप्प होते का, आणि घोडा चुकल्यावर हे त्याला कोणत्या दिशेने ढकलते? या दोन प्रश्नांनी निम्मी साधने आपोआप बाद होतात.

ड्रॉ रेन या कसोटीवर सर्वांत कठीण ठरतात. त्यांचा पट्टा तंगापासून निघतो, बिटच्या कडीतून सरकतो आणि स्वाराच्या हातात येतो. ही जोडणी म्हणजे हलती कप्पी आहे. हातातील ओढ बिटवर जवळजवळ दुप्पट होऊन पोहोचते; घर्षण आणि कोन यांमुळे ती थोडी कमी होते, पण त्याच घर्षणामुळे हात सोडल्यावर सैलपणाही उशिरा पोहोचतो. म्हणजे दाब मोठा आणि सुटका उशिरा, हे शिकवण्याच्या दृष्टीने उलटे गणित झाले. दिशाही खाली आणि मागे अशी असते, त्यामुळे घोडा दुसऱ्या मार्गाने ‘गोल’ होतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेऊ शकतो. घशाचा कोन बंद झाला की श्वासमार्ग अरुंद होतो, आणि नाक छातीकडे नेलेल्या घोड्याला पुढचे नीट दिसतही नाही. या कल्पनेचा इतिहास सतराव्या शतकातील विल्यम कॅव्हेंडिश, म्हणजे ड्यूक ऑफ न्यूकॅसल, यांच्यापर्यंत जातो, आणि त्यांच्या पद्धतीत ही दोरी नाकावरच्या पट्ट्याच्या, म्हणजे कॅव्हेसनच्या, कडीतून जात असे, हे आज ती थेट बिटमध्ये ओवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अनुभवी स्वार साध्या लगामावर घोडा चालवतो, ड्रॉ रेन लोंबत ठेवतो आणि एखाद्या क्षणापुरते वापरून सोडतो. तसे हात असलेल्या स्वाराला त्यांची गरज क्वचितच भासते. शर्यतीच्या घोड्याला तोंडावरच्या ओढीवर टेकून धावण्याची सवय असते, त्यामुळे तुमच्या घोड्यासाठी माझे उत्तर नाही असेच आहे.

पेसोआ पद्धतीच्या जोडणीमागचा विचार चांगला आहे. मागच्या पायांमागून जाणारा दोर घोड्याला आपल्या मागच्या भागाची जाणीव करून देतो. अडचण अशी की तोच दोर कप्प्यांतून बिटपर्यंत जातो, आणि प्रत्येक मागच्या पावलाबरोबर तोंडाला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हिसका बसू शकतो. सैल आणि उंच लावली, घोडा मागच्या दोराला सरावलेला असला आणि धरणारा तयार असला तर ती उपयोगी पडते. पण मागून अनपेक्षित स्पर्श झाल्यावर शर्यतीचा घोडा पळतो, पळाला की तोंडात ओढ बसते, आणि ओढ बसली की तो आणखी पळतो. मागच्या भागाची जाणीवच हवी असेल तर खोगिराच्या कापडाला जोडलेले लवचिक पट्टे मला अधिक पसंत आहेत. एक पुठ्ठ्यांमागून जातो, दुसरा पोटाखालून, आणि तोंडाशी त्यांचा काहीही संबंध नसतो. तेही एकेक करून, आधी पोटाचा आणि मग मागचा, अगदी सैल लावून सवय करावी लागते.

डोके वर काढणाऱ्या आणि पाठ पोकळ करणाऱ्या घोड्यासाठी माझी पहिली निवड शॅम्बॉन असते. तंगापासून छातीतून वर येणारा पट्टा दोन दोऱ्यांत विभागतो, त्या कानांमागच्या पट्टीवरील कड्यांतून खाली बिटपर्यंत जातात. घोड्याने डोके वर नेले की कानांमागे आणि तोंडाच्या कोपऱ्यांवर दाब येतो. मान खाली लांबवली की दोऱ्या पूर्ण सैल पडतात. नाक पुढे काढायला त्यात कोणतीही आडकाठी नसते, म्हणून घोडा मान आखडून फसवणूक करू शकत नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांना हे साधन समाधानकारक उत्तर देते. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. हे फक्त लंजिंगचे साधन आहे, ते लावून स्वारी करायची नाही. मागून पुढे पाठवणारी ऊर्जा नसेल तर घोडा नाक जमिनीशी नेऊन नुसता पुढच्या पायांवर रेलतो, आणि मग तुम्ही पाठीऐवजी खांदे थकवत बसता. सुरुवातीला दोऱ्या इतक्या लांब ठेवा की नेहमीच्या उंचीवर डोके असताना काहीच जाणवू नये. दाब वाटताच मागे सरणारे किंवा मागच्या पायांवर उभे राहणारे घोडे असतात. तुमचा तसा असेल तर हे साधन त्याच्यासाठी नाही.

तुमच्याकडे असलेले साइड रेन मी टाकून द्यायला सांगणार नाही, पण त्यांची पाळी नंतर येते. शॅम्बॉनवर मान लांबवायला शिकलेला घोडा बिटकडे पुढे जाऊन हलका, स्थिर संपर्क घ्यायला शिकला पाहिजे, आणि ते काम साइड रेन चांगले करतात. सरसिंगलवर, म्हणजे धडाभोवती बांधलेल्या रुंद पट्ट्यावर, त्यांची उंची साधारण खांद्याच्या टोकाच्या पातळीवर किंवा किंचित वर असावी. लांबी अशी, की घोडा आपल्या नैसर्गिक स्थितीत उभा असताना नाक उभ्या रेषेच्या निदान हातभर नाही तरी वीतभर पुढे राहील. दोन्ही बाजू समान ठेवाव्यात. वॉकमध्ये घोड्याचे डोके प्रत्येक पावलाबरोबर पुढेमागे होते आणि कँटरमध्ये, म्हणजे हलक्या दौडीतही, मान झुलते; ट्रॉटमध्ये डोके जवळजवळ स्थिर असते, म्हणून स्थिर लांबीचे साइड रेन हे मुख्यतः ट्रॉटचे साधन आहे. आधी दहा मिनिटे मोकळे चालवून मग ते अडकवावेत आणि वॉकवर येताच काढावेत. ते लावलेल्या घोड्याला हाताने चालवत मैदानात आणू नये आणि उडी तर कधीच मारू देऊ नये, कारण अडकलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहून पाठीवर पडू शकतो. पूर्ण लवचिक साइड रेन मी टाळतो. घोडा ओढतो आणि ते ताणतात, म्हणजे ओढल्याचे बक्षीस मिळते. साधे चामड्याचे किंवा लहान रबरी कडीचे अधिक स्पष्ट असतात. जेरबंदाचा येथे फक्त उल्लेख करतो: डोके ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर तो काम करतो, स्वाराच्या नाकाचे रक्षण करतो, आणि चाल सुधारण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आतापर्यंतचे सांगणे एवढेच: आधी वेदना, दात आणि खोगीर, मग मोकळे लंजिंग, त्यानंतर शॅम्बॉन, आणि घोडा मागणी न करता मान लांबवू लागला की साइड रेन. ड्रॉ रेन नाहीत.

उजव्या हाताला आत कलण्याचा प्रश्न यांपैकी कोणतेही साधन सोडवत नाही, आणि याच ठिकाणी लोक आतला साइड रेन दोन छिद्रे आखूड करतात. त्याने मान आत वळते, शरीर वळत नाही. वजन कलायचे तसे कललेलेच राहते किंवा बाहेरच्या खांद्यातून निसटते. प्रत्येक घोडा आपल्यासारखाच एका बाजूचा असतो. तुमच्या घोड्याला उजव्या वर्तुळात उजव्या खांद्यावर वजन टाकून तोल सांभाळणे सोयीचे वाटते, कारण आतला मागचा पाय शरीराखाली येऊन ते वजन घेत नाही. यासाठी लंजिंगचे वर्तुळ लहान करू नका. २० मीटर व्यासाच्या जवळपास ठेवा, आणि सतत वर्तुळावर फिरवण्याऐवजी स्वतः चालत राहून त्याला काही पावले सरळ रेषेत न्या, मग वळवा, मग पुन्हा सरळ न्या. सरळ रेषेतून वळणात शिरतानाच्या दोन-तीन पावलांत तोल कोठे जातो ते दिसते, आणि तेथेच चाबकाचे टोक खांद्याकडे दाखवून त्याला बाहेर राहायला सांगता येते. स्वारीत हेच काम वॉकमध्ये शोल्डर-इन, म्हणजे खांदे किंचित आत आणून घोड्याला सरळ रेषेत पुढे चालवणे, करते. अठराव्या शतकात फ्रान्सचे ला गेरिनिएर यांनी या व्यायामाला घोड्याच्या शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले, आणि दुखणे नसलेल्या वाकड्या घोड्यासाठी त्याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. अवघड बाजू जास्त वेळ करण्याचा हट्ट मात्र धरू नका. सोप्या बाजूला सुरुवात करा, अवघड बाजूला थोडे पण नेमके काम करा, आणि दिशा वारंवार बदला.

जमिनीवर ठेवलेल्या दांड्या हे माझ्या मते सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. ट्रॉटसाठी १.२ ते १.४ मीटर अंतर बहुतेक घोड्यांना जमते. तुमचा घोडा लांब पावलांचा असल्यास १.३ पासून सुरू करून, खूर दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडतो का हे पाहून अंतर जुळवा. दांडीकडे पाहण्यासाठी घोडा स्वतःहून मान खाली नेतो, पाय उचलण्यासाठी पोट आवळतो, आणि हे सर्व तोंडाला हात न लावता घडते. आधी एक दांडी, मग तीन. चारपेक्षा जास्त पहिल्या महिन्यात नकोत. दांड्यांवर साइड रेन लावू नका, मान मोकळी हवी. तबेल्यात उभ्या घोड्याला गाजर दाखवून मान छातीकडे, गुडघ्यांच्या मध्ये आणि दोन्ही बरगड्यांकडे न्यायला लावण्याचे व्यायामही करावेत. तीन महिने नियमित केल्यावर कण्यालगतच्या खोल स्नायूंची जाडी वाढल्याचे मोजमापांतून दिसले आहे.

किती दिवस, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा लंजिंग. एकूण वेळ वीस मिनिटांच्या आसपास, आणि त्यातील साधन लावलेला भाग सुरुवातीला पाच-सात मिनिटांचा, पुढे दहा-बारा मिनिटांचा. सततच्या वर्तुळाचा ताण पायांच्या सांध्यांवर येतो, त्यामुळे वेळ वाढवून फायदा वाढत नाही. उरलेल्या दिवशी सरळ रेषेत लांब वॉक, शक्य असल्यास हलक्या चढावर. आकार पहिल्याच दिवशी बदललेला दिसेल, तो मनावर घेऊ नका. स्नायू तयार व्हायला तीन महिने धरा. दर आठवड्याला एकदा बाजूने चित्रीकरण करा: दोन मिनिटे मोकळा, मग साधनासह, मग पुन्हा मोकळा. पाहताना पडद्यावर घोड्याच्या डोक्यावर हात ठेवून ते झाका आणि फक्त मागचे पाय पाहा. वॉकमध्ये मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा त्यापुढे पडतो का, ट्रॉटचे दोन ठोके सारखे ऐकू येतात का, शेपटी सैल डोलते का, आणि तिसऱ्या तुकड्यात पहिल्यापेक्षा काही वेगळे दिसते का. स्वार व्हाल तेव्हा बरोबर यायचे आहे ते त्या तिसऱ्या तुकड्यातले. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) ड्रेसाज स्पर्धेतही, म्हणजे घोड्याच्या चालीचे कौशल्य दाखवणाऱ्या स्पर्धेतही, साइड रेन वा ड्रॉ रेन लावून मैदानात उतरता येत नाही.

सहा आठवड्यांनी तिसरा तुकडा पहिल्यासारखाच असेल, तर दोऱ्या आखूड करू नका आणि दुसरे साधनही आणू नका. ती चित्रफीत घेऊन पशुवैद्यांकडे जा आणि पाठ व हॉक यांची तपासणी करून घ्या. एकाच बाजूला फरक पडत नसेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.